मोठ्याने वाचलेली पुस्तके: बडोद्याच्या एका घरातून

पुस्तकाचे परीक्षण म्हटले की ते एकट्याने आणि मनातल्या मनात वाचले गेले असणार, असे आपण धरून चालतो. पुढे ज्या पुस्तकांविषयी लिहिले आहे ती जवळपास सगळी मोठ्याने वाचली गेली आहेत आणि त्यांच्याविषयीचे माझे बरेवाईट मत त्या वाचनावरच बेतलेले आहे. बडोद्यात दांडिया बाजाराच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या घरात मराठी तिन्ही पिढ्या बोलतात. वाचण्याचे मात्र तसे नाही. आईची नजर काचबिंदूने अधू झाली आहे. पुतणी इंग्रजी माध्यमात सातवीला आहे. गुजराती तिला सहज वाचता येते, हिंदीमुळे देवनागरीही ओळखीची आहे, पण मराठी पुस्तकाचे सलग पान तिला अर्ध्यावर दमवते. त्यामुळे रात्रीची जेवणे उरकली की मी वाचायचे आणि दोघींनी ऐकायचे, असा परिपाठ पडून गेला आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या पुष्कळ मराठी घरांत थोड्याफार फरकाने हेच चालत असणार, म्हणून हा अभिप्राय त्यांच्या उपयोगी पडावा अशी इच्छा आहे.

मोठ्याने वाचताना पुस्तकाची परीक्षा वेगळ्याच विषयात होते. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही, ओळीखाली बोट ठेवता येत नाही आणि तळटीप तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. वाक्य लांब असले तरी हरकत नसते, पण क्रियापद येईपर्यंत ते कोणाविषयी चालले आहे याचा विसर पडता कामा नये. वाचणाऱ्याची अडचण आणखी निराळी असते: त्याची नजर आवाजाच्या एक ओळ पुढे धावावी लागते, नाही तर प्रश्नार्थक वाक्य विधानासारखे वाचून होते आणि मग ते पुन्हा म्हणावे लागते. म्हणून टंक किती मोठा आहे, ओळी किती लांब आहेत, शब्द ओळीच्या टोकाला कुठे तोडले आहेत, यांना एरवी आपण देतो त्याहून पुष्कळ अधिक महत्त्व येते. विद्वानांनी वाखाणलेली काही पुस्तके या कसोटीवर पहिल्या दहा पानांतच आपटतात, आणि काही अगदी अनपेक्षितपणे तरून जातात.

तरून गेलेल्यांत पहिला मान विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकाचा. पेणजवळच्या वरसई गावचा हा भिक्षुक घरावरचे कर्ज फिटावे म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे भरघोस दक्षिणा मिळेल, या बातमीवर काका रामभट यांच्याबरोबर उत्तरेकडे निघतो आणि थेट १८५७ च्या वणव्यात सापडतो. परत आल्यावर पुष्कळ वर्षांनी त्याने ही हकीगत लिहून काढली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, चिंतामणराव वैद्यांनी प्रसिद्ध केली. वैद्यांनी भाषेवर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. दोन्ही बाजारात व ग्रंथालयांत मिळतात. अभ्यासकाने पोतदारांची घ्यावी हे उघडच आहे, पण घरात वाचून दाखवायला वैद्यांची प्रत अधिक सोयीची पडते, कारण तिच्यात विरामचिन्हे आणि परिच्छेद आजच्या वाचकाच्या सवयीचे आहेत. शुद्धतावाद्यांना हे पटणार नाही याची मला जाणीव आहे.

या पुस्तकाचा खरा गुण असा की लेखकाला इतिहास लिहायचाच नाही. तो आपल्या पोटापाण्याच्या आणि जीव वाचवण्याच्या गोष्टी सांगतो आहे. कोणत्या मुक्कामाला जेवण कसे झाले, दक्षिणा किती पडली, लुटारूंनी काय काढून घेतले आणि काय राहिले, हे तो ज्या बारकाईने सांगतो त्याच बारकाईने झाशीचा वेढाही सांगतो. एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजी फौज झाशी शहरात शिरली तेव्हा तो गावातच होता. पुढचे दिवस त्याने कसे लपून काढले, तहान कशी सोसली, रस्त्यात काय पाहिले, ही पाने वाचताना मला मधे थांबावे लागले, कारण पुतणीने ‘काका, थोडे हळू वाचा’ असे सांगितले. ती घाबरली असेल असे मला वाटले होते, पण तिला प्रत्येक गोष्ट नीट ऐकायची होती. झाशीच्या वाड्यातला ग्रंथसंग्रह लुटीत कसा नासला गेला याचे वर्णन तर आईने पुन्हा वाचायला लावले. पिढ्यान्पिढ्या जमवलेल्या पोथ्यांची ती दशा एका पोथी वाचणाऱ्या माणसाने सांगितलेली आहे, आणि त्याला माणसांच्या कत्तलीनंतर पोथ्यांचे दुःख सांगायला जराही संकोच वाटत नाही, हे त्यातले विशेष.

याच पुस्तकात राणी लक्ष्मीबाई आणि लेखक यांची विहिरीवरची गाठ आहे. पराभवानंतर काल्पीच्या वाटेवर, धुळीने माखलेली राणी विहिरीशी येते. ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून दोरी स्वतःच्या हातात घेते, ओंजळीने पाणी पिते आणि आपल्यासारख्या विधवेला या उद्योगात पडण्याची गरज नव्हती, अशा अर्थाचे दोन शब्द बोलून निघून जाते. सारा प्रसंग जेमतेम पानभराचा आहे. पुतळ्यातली आणि शाळेच्या धड्यातली राणी ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हे पान अवश्य वाचावे, आणि शक्य असेल तर मोठ्याने वाचावे. लेखक येथे एकही विशेषण खर्च करत नाही.

दोष सांगायचा तर एवढाच की पुस्तकाचा शेवटचा भाग, म्हणजे तीर्थयात्रा आणि गंगेची कावड घेऊन घरी परतण्याचा प्रवास, आधीच्या भागापुढे फिका पडतो. आईला मात्र तो भाग सर्वांत आवडला. मुलगा गंगाजल खांद्यावर घेऊन घरी आला आणि आईवडिलांना त्याने स्नान घातले, हे ऐकून तिचे समाधान झाले, आणि तेवढ्यापुरता माझा आक्षेप घरात तरी फेटाळला गेला.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ यानंतर घेतली, आणि ती योजनापूर्वक घेतली नसली तरी जोडी चांगली जमली. या आत्मचरित्राच्या आरंभीच १८५७ ची सावली आहे. लेखिकेच्या आजोबांना त्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले, ते इतके की बाजारातून आलेला जिन्नससुद्धा धुतल्याखेरीज घरात घ्यायचा नाही. गोडसे भटजींच्या पुस्तकात जी उलथापालथ रस्त्यावर दिसते, तिचा एका घराच्या स्वयंपाकघरात उरलेला अवशेष येथे पाहायला मिळतो. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेले हे पुस्तक वाचून दाखवण्यासाठीच लिहिले असावे असे वाटण्याइतके बोलके आहे. लक्ष्मीबाई स्वतःची फजिती सांगताना आवाज चढवत नाहीत, दुःख सांगताना तो पाडत नाहीत, आणि ना. वा. टिळकांसारख्या लहरी, थोर, वैतागवाण्या नवऱ्याविषयी लिहिताना तक्रार आणि कौतुक एकाच वाक्यात नांदवतात. वाचणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. हे पुस्तक घरात नसेल त्यांनी विकत घ्यावे, याहून अधिक शिफारस करण्याची मला गरज दिसत नाही. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये, इतकेच.

कवितेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि बडोद्यात बसून मराठी कविता वाचायची तर दोन नावे टाळता येत नाहीत. पहिले माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन. त्यांचा जन्म १८९४ साली बडोद्यातच झाला. फारसीचे अध्यापन, फार्शी-मराठी कोश, रविकिरण मंडळ या कवींच्या गटातला सहभाग, उमर खय्यामच्या रुबायांची भाषांतरे, मराठीत गझल रुजवण्याचा खटाटोप आणि या सर्वांवर कळस म्हणजे ‘छंदोरचना’ हा छंदःशास्त्रावरचा ग्रंथ, असा त्यांचा पसारा आहे. ज्याने वृत्तांचा एवढा अभ्यास केला त्याची कविता कानाला गोड लागणारच, अशी माझी अपेक्षा होती. ती निम्मी पुरी झाली. ‘मराठी असे आमुची मायबोली’ या कवितेची लगागा, लगागा (म्हणजे लघु, गुरू, गुरू) अशी ठाम पावले पुतणीने दुसऱ्याच वाचनात टेबलावर बोटांनी मोजायला सुरुवात केली. आज ही राजभाषा नाही, अशी पहिल्याच ओळीतली कबुली बडोद्यात जन्मलेल्या कवीने द्यावी याला आणखी एक अर्थ चिकटतो, कारण सयाजीरावांच्या राज्यातही बहुसंख्य प्रजेची भाषा म्हणून कारभारात गुजरातीला स्थान होते आणि घरात मराठी बोलणाऱ्यांनी ते मान्य करूनच संसार केले. ‘प्रेमस्वरूप आई’ आईला पाठच होती. मी पहिला शब्द उच्चारला आणि पुढची कविता तिनेच म्हटली. ‘कशासाठी? पोटासाठी!’ या आगगाडीच्या कवितेला तर वाचणाऱ्याचीही गरज नसते.

प्रश्न उभा राहिला तो ‘विरहतरंग’ आणि गझलांपाशी. या रचना मी एकट्याने वाचल्या तेव्हा त्यांतील कारागिरीचे कौतुक वाटले होते. मोठ्याने वाचताना मात्र वृत्त शाबूत ठेवण्यासाठी शब्दांची जी ओढाताण केली आहे ती प्रत्येक ओळीत ऐकू येऊ लागली. जेथे अर्थासाठी थांबायला हवे तेथे चाल थांबू देत नाही आणि जेथे चाल संपते तेथे अर्थ अजून अधांतरी असतो. ज्यांना वृत्तांची हौस आहे त्यांनी हे संग्रह जरूर मिळवावेत. रात्री जेवून बसलेल्या श्रोत्यांसमोर ते उघडू नयेत. दोघींपैकी एकीला पेंग आली, कोणाला ते सांगत नाही.

दुसरे नाव बा. सी. मर्ढेकर. त्यांचा बडोद्याशी संबंध येतो तो ‘अभिरुची’मुळे. पुरुषोत्तम आत्माराम चित्रे यांनी १९४३ साली बडोद्यातून हे मासिक सुरू केले आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या एका गुजराती शहरातून निघणाऱ्या या मासिकाने मराठी नवसाहित्याला जे अंगण दिले त्याचा अभिमान येथल्या मराठी माणसाने जितका बाळगायला हवा तितका तो बाळगत नाही. मर्ढेकरांची नवी कविता ‘अभिरुची’त छापली गेली. पुलंची सुरुवातीची व्यक्तिचित्रेही तेथलीच. चित्र्यांचे चिरंजीव दिलीप चित्रे यांचा जन्म १९३८ चा, बडोद्याचाच. त्यांची कविता मी स्वतःपुरती, डोळ्यांनी वाचतो आणि ती तशीच वाचावी असे माझे मत आहे.

मर्ढेकर दुर्बोध, असे शाळेपासून कानावर पडलेले असते. १९४७ च्या ‘काही कविता’ या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, त्यातून कवी निर्दोष सुटला, हेही सगळे सांगतात. कोणी सांगत नाही ते हे की मर्ढेकरांची कविता मुलांना वाचून दाखवता येते. ‘पिपात मेले ओल्या उंदिर’ ही ओळ वाचा: आठ मात्रा, पुन्हा आठ मात्रा, अंगाईला आणि बडबडगीताला चालेल असा हा जुना, घरगुती ठेका आहे. आशय भीषण आहे, चाल खेळकर आहे, आणि या दोहोंतला विसंवाद समजण्यासाठी टीकाग्रंथ वाचावे लागत नाहीत; तो ऐकताच अंगावर येतो. पुतणी आधी हसली. कविता संपेपर्यंत तिचे हसू गेले होते, आणि ‘त्यांना कोणी मारले?’ असा प्रश्न आला. मर्ढेकरांवरच्या कोणत्याही व्याख्यानातून मला याहून नेमका प्रश्न ऐकायला मिळालेला नाही.

‘गणपत वाणी’ तर आमच्या घरात कायमचा राहायला आला आहे. बिडी पिताना काडी चावत बसणारा, या जागेवर माडी बांधीन असे मनाशी म्हणणारा, जिरे, धणे आणि तेल विकता विकता एक दिवस मरून जाणारा हा दुकानदार रावपुऱ्यातल्या कोणत्याही जुन्या दुकानाच्या गादीवर बसवला तरी शोभेल. आईच्या मते तो आमच्या ओळखीच्याच एका वाण्यावरून घेतला आहे, आणि कवीचा व त्या वाण्याचा काहीएक संबंध नाही हे तिला पटवण्याच्या भरीस मी पडलो नाही. तेव्हा मर्ढेकरांचा समग्र संग्रह घ्यावा आणि सुरुवात या दोन कवितांपासून करावी. पुढे कठीण कविता येतात, त्या येऊ द्याव्यात. कान तयार झालेला असतो.

पुलंच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’विषयी थोडक्यात लिहितो, कारण ते सर्वांना माहीत आहे. १९६२ साली निघालेल्या या पुस्तकाला पुढे साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच्या किती आवृत्त्या निघाल्या याची गणती नाही, आणि वाचून दाखवायला ते फार अवघड आहे. अवघड अशासाठी की पुलंचा स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचलेला आहे. हरितात्या किंवा नारायण वाचायला घेतला की वाचणारा नकळत त्यांची नक्कल करू लागतो, ती नीट साधत नाही, आणि ऐकणारे मूळ ध्वनिमुद्रण लावण्याची सूचना करतात. त्यातल्या त्यात ‘भय्या नागपूरकर’ आणि ‘अण्णा वडगावकर’ ही चित्रे मोठ्याने वाचायला बरी पडतात.

आता चित्रकथा. ऐकणाऱ्यांपैकी एकीला चित्र दिसत नाही अशा घरात चित्रकथा वाचणे हा वेडेपणा वाटेल, पण पुतणीच्या आग्रहामुळे तो करावा लागला आणि त्यातून चित्रकथांच्या घडणीविषयी जे कळले ते मला अन्यथा कळले नसते. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ मालेतील मराठी पुस्तके आमच्याकडे माझ्या लहानपणापासूनची आहेत. चौकटीच्या माथ्यावर निवेदनाची जी पट्टी असते तिच्यामुळे ही पुस्तके डोळे मिटूनही समजतात. एके काळी मला त्या पट्ट्या अनावश्यक वाटत: राजा घोड्यावर बसलेला दिसतो आहे, मग तो घोड्यावर बसला असे लिहिण्याचे कारण काय? आईला तीच पट्टी हवी असते. पुराणकथांना ही पद्धत चांगली मानवते, कारण त्या मुळात सांगण्याच्याच गोष्टी आहेत. या मालेतील ‘कृष्ण’ म्हणूनच अजून ताजा वाटतो. ऐतिहासिक पुस्तकांत बत्तीस पानांची मर्यादा जाचते. झाशीच्या राणीचे जन्मापासून मरणापर्यंतचे सगळे तेवढ्यात बसवायचे म्हटले की प्रसंग पळू लागतात, आणि ज्याने नुकतेच गोडसे भटजी ऐकले आहेत त्याला ही राणी फारच नीटनेटकी वाटते. तरीही आधी चित्रकथा आणि मग ‘माझा प्रवास’ असा क्रम लावला असता तर पुतणीला माणसे आणि गावे लवकर ओळखू आली असती, हे मान्य करायला हवे.

‘चिंटू’ची तऱ्हा याच्या उलट आहे. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ साली ‘सकाळ’मधून सुरू केलेल्या या चित्रमालिकेत निवेदन नसतेच. तीन-चार चौकटी, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू यांची बोलणी, आणि शेवटच्या चौकटीत पुष्कळदा एकही शब्द नाही, फक्त कोणाचा तरी पडलेला चेहरा. सारा विनोद त्या चेहऱ्यात असतो. तो आईला सांगायचा कसा? ‘आता जोशीकाकू रागाने बघताहेत’ असे म्हटले की विनोद मेला. शेवटी पुतणीनेच मार्ग काढला. संवाद मी आणि तिने वाटून घेतले आणि शेवटच्या चौकटीच्या जागी ती काही न बोलता थांबू लागली. त्या थांबण्याला आई हसते. चित्रकाराने कोरी सोडलेली जागा अशी आवाजातही कोरी सोडता येते, फक्त वाचणाऱ्याने घाई करता कामा नये. चिंटूची पुस्तके घ्यायची झाल्यास दोन वाचणारे घरात आहेत ना, हे आधी पाहावे.

शि. द. फडणीसांच्या निःशब्द हास्यचित्रांपुढे मात्र हीसुद्धा युक्ती चालत नाही. ती पाहायचीच असतात. एक अपवाद घडला तो असा की बसथांब्यावरच्या तरुण-तरुणीच्या कपड्यांवर एकाच्या उंदीर आणि दुसऱ्याच्या मांजरे छापलेले ते प्रसिद्ध मुखपृष्ठ मी वर्णन करू लागलो, आणि आईने ते अर्ध्यावरच ओळखले. एकदा पाहिलेले चित्र पुढे इतकी वर्षे डोळ्यांपुढे राहते, तर चित्रकाराला याहून मोठा अभिप्राय तो कोणता द्यायचा?

‘चांदोबा’ हे मुलांचे मासिक आणि ‘इंद्रजाल’ ही चित्रकथांची माला यांचे जुने अंक जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत अजून अधूनमधून मिळतात, आणि दोन्हींत वेताळ असल्यामुळे घरात काही काळ गोंधळ झाला. १९४७ साली तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालेले ‘चांदोबा’ १९५२ पासून मराठीत येऊ लागले. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट मोठ्याने वाचण्यासाठी इतकी तंतोतंत बेतलेली आहे की तिच्याशी स्पर्धा करील असे दुसरे काही मला माहीत नाही: ठरलेला आरंभ, मधली कथा, मग प्रश्न, आणि उत्तर माहीत असून न दिल्यास डोक्याची शकले होण्याची धमकी. प्रश्नाशी थांबावे आणि ऐकणाऱ्यांना भांडू द्यावे. राजाचे उत्तर आमच्याकडे क्वचितच कोणाला पटते. मूळ संस्कृत परंपरेत या कथा पंचवीस. मासिकाने त्या साच्यात शेकड्यांनी नव्या ओतल्या आणि त्यांतल्या बऱ्याच चांगल्या आहेत. शंकर यांनी काढलेले, खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार घेऊन चाललेल्या विक्रमाचे चित्र पुतणीने वहीत उतरवून घेतले आहे.

‘इंद्रजाल’चा वेताळ म्हणजे ली फॉक यांनी १९३६ साली अमेरिकेत निर्माण केलेला मुखवटेधारी नायक. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या या मालेने त्याचे जंगल ‘डेंकाली’त वसवले आणि आमच्या पिढीने ते नकाशात शोधलेही. आज वाचताना त्यातले आफ्रिकेचे आणि तिथल्या माणसांचे चित्रण खटकते. मुलांच्या हाती देताना त्याविषयी दोन शब्द बोलावेत. त्याच मालेतला आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ मला अधिक टिकाऊ वाटला. १९७६ पासूनच्या या कथांत चंबळकडचे डाकू आहेत, नायक कुडत्यावर जीन्स घालतो, आणि संवाद आपल्या मातीतले असल्यामुळे वाचताना जीभ अडखळत नाही. आईने दोन्ही ऐकून घेतले आणि बोलणारा वेताळ बरा, असा निकाल दिला. गुजराती घरांत याच जागी हरिप्रसाद व्यास यांचे ‘बकोर पटेल’ असतात, आणि आमच्याकडे ते पुतणी मला वाचून दाखवते.

पुस्तके मिळवण्याविषयी लिहिल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय सयाजीरावांनी १९१० साली, विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून उभे केले. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवण्याची फिरत्या ग्रंथालयांची योजनाही त्याच काळातली. मांडवीजवळच्या या इमारतीतील कोठाराच्या मजल्यांची जमीन जाड काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यापर्यंत झिरपावा म्हणून. मराठी विभागात जुन्या आवृत्त्या चांगल्या आहेत. त्या वाचून दाखवताना एक लक्षात ठेवावे की १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या छपाईत ‘तें’, ‘नाहीं’, ‘कां’ असे अनुच्चारित अनुस्वार जागोजाग असतात, आणि हिंदीवर पोसलेली मुले ते सगळे नाकात उच्चारतात. पुतणीने ‘स्मृतिचित्रे’चे एक पान अशा थाटात वाचले तेव्हा लक्ष्मीबाईंना पडसे झाल्यासारखे वाटत होते. मुलांनी स्वतः वाचावे अशी इच्छा असेल तर नवी आवृत्ती विकत घेणेच बरे.

नवी पुस्तके पुण्याहून टपालाने मागवावी लागतात, कारण येथल्या दुकानांत मराठी कवितेचे फडताळ फार तर हातभर असते. एका विक्रेत्याकडून आलेल्या कवितासंग्रहात एक फर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, दोनदा बांधलेला आणि त्याच्या पुढचा गायब असा प्रकार निघाला. प्रत बदलून मिळाली, पण परत पाठवण्याचा खर्च ग्राहकानेच सोसावा असा त्यांचा नियम होता आणि तो मागणी नोंदवताना कोठेही सांगितलेला नव्हता. ज्यांना बाहेरगावी पुस्तके मागवायची आहेत त्यांनी ही अट आधी विचारून घ्यावी, टंकाचा आकार विचारावा, शक्य असल्यास आतल्या एखाद्या पानाचे छायाचित्र मागवावे, आणि पुडके हाती आले की पहिली आवडती कविता शोधण्याआधी पृष्ठांक सलग आहेत की नाहीत ते शेवटपर्यंत तपासावे.